पॉइंट कुणाचे, आणि किती पैशांचे?

(आमच्या रेडिओवरच्या ‘घरखर्चाची वही’ या कार्यक्रमातलं भाषण, थोडं वाढवून)

या वेळी विषय जरा वेगळा आहे, आणि तो आम्ही निवडलेला नाही, तोच आमच्या दारात आला.

संक्रांतीनंतरची गोष्ट. कुपवाडला आमच्यातल्या एकीकडे हळदीकुंकू होतं. वाण घेऊन झालं, तिळगूळ झाला, गप्पा सुरू झाल्या, आणि शेजारच्या काकूंच्या फोनवर निरोप आला. बँकेचं चिन्ह, खाली इंग्रजी मजकूर: तुमचे नऊ हजारांवर रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपणार आहेत, सोबतचं अ‍ॅप घ्या, पैसे खात्यात जमा होतील. काकूंनी आमच्याच समोर बोट ठेवलं. आम्ही दहाबाराजणी तिथे होतो, एकीलाही ‘थांबा’ म्हणावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर दोघीतिघींनी मनात म्हटलं, आपल्याला कसा नाही आला असा मेसेज! रात्रीत खात्यातून चोवीस हजार गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी तक्रार लिहून घेतली आणि सहज विचारलं, “पण काकू, तुमचे खरे पॉइंट किती होते?” काकूंना ठाऊक नव्हतं. आम्हालाही आपापले ठाऊक नव्हते. त्यांनी संगणकावर बघितलं. काकूंच्या डेबिट कार्डावर ३,११२ पॉइंट पडून होते. एका पॉइंटला पंचवीस पैसे, म्हणजे ७७८ रुपये. खरे होते ते कधी घेतले नाहीत, आणि नव्हते त्यांच्यामागे चोवीस हजार घालवले.

त्या दिवसापासून आम्ही आपापल्या घरातली कार्डं, स्टेटमेंटं, मुलांची विमानाची तिकिटं गोळा करून बसायला लागलो. तीन मंगळवार गेले. जे कळलं ते आज सांगतो.

पॉइंट ही काही फार नवी कल्पना नाही. आपल्या भागात कारखान्याच्या सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते. दूध घालणाऱ्या घराला दिवाळीला दूध फरक मिळतो. वर्षभर आपल्याकडेच घातलंत, म्हणून हा वरचा वाटा. चहाच्या पुड्यातली कुपनं साठवून स्टीलचा डबा आणलेल्या बायका आमच्यातही आहेत. विमान कंपन्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं, कंपन्यांमध्ये गिऱ्हाईक ओढायची चढाओढ लागली, आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं आपला कार्यक्रम सुरू केला: आमच्या विमानानं जितके मैल जाल तितके तुमच्या नावावर लिहू, पुरेसे झाले की एक प्रवास फुकट. काही दिवसांत युनायटेडनंही तेच केलं. दोनच वर्षांत, १९८३ साली, हॉलिडे इन आणि मॅरियट ही हॉटेलं त्यात उतरली. म्हणून आजही विमानाच्या पॉइंटांना पुष्कळ ठिकाणी ‘मैल’ म्हणतात, जरी आता ते मैलांवर मोजत नसले तरी. हल्ली बऱ्याच कंपन्या, आपली एअर इंडियाही त्यात आली, तिकिटाला किती रुपये मोजले त्यावर पॉइंट देतात.

पण दूध फरकात आणि यात एक मोठा फरक आहे. दूध संस्थेत आपण सभासद असतो. फरक कमी दिला तर वार्षिक सभेत उठून विचारता येतं, आणि आपल्याकडच्या सभा कशा गाजतात ते सांगायला नको. पॉइंटांच्या बाबतीत नियम करणारा एकटा, बदलणारा एकटा, आणि भाव ठरवणाराही तोच.

मग कंपनी हे देते कशाला? आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर असं की पॉइंट हा त्यांचा खर्च नाही, धंदा आहे. क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँका विमान कंपन्यांकडून हे मैल रोख पैसे देऊन घाऊक विकत घेतात आणि आपल्याला वाटतात. कोविडमध्ये विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा, २०२० साली, युनायटेड आणि डेल्टा या कंपन्यांनी आपला पॉइंटांचा कार्यक्रम तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं. आपण अडचणीत पाटल्या गहाण ठेवतो, त्यांनी पॉइंट ठेवले. शिवाय वाटलेल्या पॉइंटांतले बरेचसे कुणी मागायलाच येत नाही. काकूंच्या त्या ३,११२ सारखे. ते तसेच पडून राहतात, मुदत संपते, कंपनीचा खर्च वाचतो.

आता मुख्य हिशेब. पॉइंट किती आहेत हे विचारू नका, एका पॉइंटचे पैसे किती येतात ते विचारा. दहा हजार पॉइंट म्हटलं की छाती फुगते, पण ते वीस पैशांचे असतील तर दोन हजार आणि एक रुपयाचे असतील तर दहा हजार. टाटांचं न्यूकॉइन एक म्हणजे एक रुपया, तिथे गणितच नको. बँकांच्या कार्डांवर मात्र वेगवेगळ्या ठिकाणी वटवले की तोच पॉइंट वेगवेगळा भाव देतो, आणि ते कुणी आपणहून सांगत नाही.

आमच्यातल्या एकीच्या घरी क्रेडिट कार्डावर बारा हजार पॉइंट जमले होते. बँकेच्या यादीत मिक्सर होता, बरोबर बारा हजार पॉइंटांना. सगळं ठरलंही होतं. आम्ही म्हटलं, थांब, आधी हरभट रोडवर भाव काढू. तोच मिक्सर दुकानात २,४०० रुपयांना. म्हणजे मिक्सर घेतला तर पॉइंटला वीस पैसे पडले. त्याच पॉइंटांचे पैसे कार्डाच्या बिलातून वळते करून घेतले तर पंचवीस पैशांनी ३,००० रुपये होत होते. तिनं बिलात वळते केले, मिक्सर दुकानातून आणला, सहाशे हातात उरले, वर दुकानदार ओळखीचा असल्यामुळे बिघडला तर नेऊन देता येतो. यादीतल्या वस्तू, मग ती इस्त्री असो की बॅग, आम्ही पाहिल्या तेवढ्यांत जवळजवळ नेहमीच सगळ्यांत कमी भावाच्या निघाल्या.

आणखी एक खोच. पुष्कळ बँका पॉइंट वटवताना फी घेतात, बहुतेक ठिकाणी ९९ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. तुम्ही पाचशे पॉइंट पंचवीस पैशांनी वटवलेत तर येणार १२५ आणि जाणार ११७. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हणून फी असेल तिथे थोडे थोडे वटवू नका, मुदत सांभाळून एकदाच मोठी रक्कम घ्या.

विमानाच्या तिकिटाचा भाव काढायची रीत अशी. तिकीट रोख घेतलं तर किती, ते लिहा. पॉइंटांवर घेतलं तरी कर आणि काही आकार रोखच भरावे लागतात, ते त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला पॉइंटांनी भागा. समजा गणपतीच्या आदल्या आठवड्यात तिकीट रोखीनं ६,२०० आहे, आणि पॉइंटांवर ८,००० पॉइंट अधिक १,००० रुपये. ६,२०० वजा १,००० म्हणजे ५,२००, भागिले ८,०००, म्हणजे पॉइंटला पासष्ट पैसे. तेच तिकीट जुलैच्या पावसात रोखीनं ३,४०० आणि पॉइंटांवर ७,००० अधिक ९०० असेल तर छत्तीसच पैसे पडले. आकडे आम्ही उदाहरणासाठी धरलेत, पण चाल अशीच असते. गर्दीच्या दिवसात, किंवा कुणी आजारी पडलं आणि उद्याच निघायचंय अशा वेळी रोख भाडं अस्मानाला भिडतं, तेव्हा पॉइंट कामाचे. तिकीट स्वस्त असेल तेव्हा सरळ पैसे भरा आणि पॉइंट राखून ठेवा. पूर्वी कंपन्यांचे ठरलेले तक्ते असत, अमुक ठिकाणाला अमुक पॉइंट. आता बऱ्याच कंपन्यांनी ते काढून टाकले, डेल्टानं २०१५ साली आणि मॅरियट हॉटेलांनी २०२२ साली. भाडं वाढलं की पॉइंटही वाढतात, त्यामुळे वरचा भागाकार दर वेळी नव्यानं करावा लागतो. चौथीतला भागाकार आहे, फोनवर होतो.

काही क्रेडिट कार्डांवर बँकेचे पॉइंट विमानाच्या मैलांत बदलून मिळतात, उदाहरणार्थ दोन पॉइंटांना एक मैल. मैलाला पासष्ट पैसे पडणार असतील तर आपल्या पॉइंटला साडेबत्तीस आले, पंचविसापेक्षा बरे. पण एकदा मैल झाले की त्याचे परत पॉइंट होत नाहीत. तिकीट समोर दिसत असेल, तारीख ठरली असेल, तेव्हाच बदला. असू देत म्हणून नको.

इथे आमच्या बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, “विमानाचं आपल्याला काय करायचंय? कवलापूरला विमान येणार, येणार म्हणून आमचे केस पिकले.” हशा पिकला. पण मग आम्ही प्रत्येकीच्या घरातलं विमान मोजलं. आपल्या जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईची कामं करणारी माणसं साऱ्या देशात सोन्याचांदीच्या पेठांमध्ये पसरलेली आहेत. त्यांच्या घरच्या लग्नाला, बारशाला आता लोक रेल्वेबरोबर विमानानंही जातात. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची मुलगी अमेरिकेत, कुणी बंगळूरला कंपनीत. कोल्हापूरचं उजळाईवाडीचं विमानतळ आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, बेळगाव आहे, पुणे आहे. दहाजणींत सातजणी विमानात बसलेल्या निघाल्या. आणि सातपैकी एकीच्याही नावावर पॉइंटांचं खातं नव्हतं.

ही गोष्ट नीट ऐका, कारण यातच सगळ्यात जास्त नुकसान होतं. विमानाचे पॉइंट ज्यानं पैसे भरले त्याचे नसतात, जो विमानात बसला त्याचे असतात. आमच्यातल्या एक मावशी मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्या २०१४ साली. पुन्हा २०१७ ला दुसरं बाळंतपण. मग २०२२ ला जावयाचं ऑपरेशन झालं म्हणून. तिन्ही तिकिटं जावयानं काढली. मावशींना वाटायचं पॉइंट त्याला मिळत असतील, आणि जावई म्हणे त्याला कधी लक्षातच आलं नाही. ते मावशींचे होते आणि खातं नसल्यामुळे कुणाचेच झाले नाहीत. मुंबई ते न्यूयॉर्क एका बाजूनं सुमारे साडेबारा हजार किलोमीटर होतात, असे सहा प्रवास. जुन्या प्रवासाचे पॉइंट मागता येतात, पण काही महिन्यांच्या आतच. तीन वर्षांनी कुणी दारात उभं करत नाही. या वेळी चौथ्यांदा जाताना मावशींनी आधी खातं उघडलं. ते फुकट असतं, मोबाइल नंबर आणि ईमेल लागतो, आणि तिकीट काढतानाच तो सभासद क्रमांक घालावा लागतो. राहून गेलाच तर विमानतळावर बॅग देताना सांगावा. तरीही पॉइंट आले नाहीत तर मागताना तिकीट आणि बोर्डिंग पास लागतो, म्हणून प्रवास संपला की तो कागद पर्समधून फेकायचा नाही.

आता नावाची भानगड. आपल्याकडे बाईचं नाव म्हणजे तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. कुणाच्या पासपोर्टवर तिन्ही, कुणाच्या दोनच. कुणाच्या आधारवर सासरचं आणि पदवीच्या कागदावर माहेरचं. पॉइंटांच्या खात्यावरचं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळलं नाही तर संगणक पॉइंट जमा करत नाही. खातं उघडताना पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यात जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं भरा. ईमेल मात्र स्वतःचा द्या. आमच्यातल्या दोघींची खाती मुलांनी उघडून दिली आणि ईमेल स्वतःचे दिले. आता ओटीपी मुलाकडे जातो आणि आई विचारते, बाळा आला का? ज्या बाईला आपलं खातं आपल्याला उघडता येत नाही तिचे पॉइंट तिचे म्हणायचे कसे, सांगा.

प्रत्येक कंपनीचं वेगळं खातं काढायची मात्र गरज नाही. विमान कंपन्यांचे गट असतात. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स नावाच्या गटात आहे. युनायटेड, लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स या त्याच गटातल्या. लुफ्तान्साच्या विमानानं गेलात तरी पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात लिहून घेता येतात. फक्त सगळ्यात स्वस्त तिकिटांवर काही वेळा कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत, एवढं विचारून घ्या. दोन खात्यांत तीन-तीन हजार असण्यापेक्षा एका खात्यात सहा हजार बरे, कारण तीन हजारांत कुठेच जाता येत नाही.

घरातल्यांचे पॉइंट एकत्र करायचीही सोय काही कंपन्यांनी ठेवली आहे. एमिरेट्सच्या कार्यक्रमात एक जण कुटुंबप्रमुख होऊन आणखी आठ जणांना जोडून घेऊ शकतो आणि सगळ्यांचे मैल एका ठिकाणी साठतात. दुबईत मुलगा आणि कुपवाडात आईवडील अशा घरांसाठी हे फार उपयोगी आहे: वर्षा-दोन वर्षांनी होणाऱ्या फेऱ्यांतून एकट्याचं कधी पुरेसं होत नाही, चौघांचं होतं. एअर इंडियाचीही कुटुंबाच्या पॉइंटांची सोय आहे. कुटुंबप्रमुख कोण हे घरी ठरवा, आणि तो पुरुषच असला पाहिजे असा कुठलाही नियम नाही. नवऱ्यापेक्षा मुलीकडे जाणं-येणं तुमचंच जास्त होत असेल तर तुम्हीच व्हा.

हॉटेलचं थोडक्यात सांगतो, कारण आपण बाहेर पडलो तर मुक्काम नातेवाइकाकडे, नाहीतर देवस्थानच्या भक्तनिवासात, आणि तिथे पॉइंट मिळत नाहीत, प्रसाद मिळतो. पण मुलगा किंवा सून कंपनीच्या कामाला महिन्यातले दहा दिवस मोठ्या हॉटेलात राहत असतील तर त्यांच्या नावावर चांगले पॉइंट जमतात. दोनच गोष्टी लक्षात ठेवायला सांगा. एक, खोली हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून किंवा फोनवरून घेतली तर पॉइंट मिळतात, मधल्या बुकिंग कंपनीकडून घेतली तर बहुतेक मिळत नाहीत. दुसरी, मॅरियटसारख्या काही साखळ्यांत पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट लागतात. आमच्यातल्या एकीच्या लेकीनं असंच आईवडिलांच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला गोव्याला पाच दिवस ठेवलं. बाबांनी तिथे सकाळच्या नाश्त्याचं बिल बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर पावभाजी खायला जाऊ लागले. तेव्हा खोली फुकट असली तरी नाश्ता धरला आहे का, हेही विचारा.

आता ज्याची आम्हाला खरी काळजी वाटते ते. पॉइंट मिळतात म्हणून कार्ड घेणं आणि पॉइंट मिळतात म्हणून खरेदी करणं. कार्डाचं बिल पूर्ण न भरता नुसती ‘किमान रक्कम’ भरली की उरलेल्यावर व्याज लागतं, बहुतेक कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात. आम्ही वहीत मांडून बघितलं. वीस हजारांची खरेदी, शंभराला एक पॉइंट, म्हणजे दोनशे पॉइंट, पंचवीस पैशांनी पन्नास रुपये मिळाले. बिल महिनाभर थकलं तर वीस हजारांवर व्याज सातशे, त्यावर जीएसटी १२६, एकूण ८२६ रुपये गेले. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणजे हेच. बचत गटात आपण कर्जाला महिन्याला दोन टक्के लावले तरी बैठकीत तासभर वाद घालतो आणि इथे साडेतीन टक्के मुकाट्यानं भरतो. दर महिन्याला बिल पूर्ण भरणं ज्या घरात जमत नाही, त्या घरासाठी पॉइंट नाहीत. त्यांनी हा लेख इथपर्यंत वाचून पुढचा फसवणुकीचा भाग तेवढा वाचावा.

ज्या घरात जमतं, त्यांनी आपला खर्च कुठे होतो ते बघून कार्ड घ्यावं. मिरजेहून नेहमी एसीनं पुणे-मुंबई किंवा दिल्ली-बंगळूर करणाऱ्यांना रेल्वेच्या तिकीट साइटशी जोडलेली बँकांची कार्डं आहेत, त्यात तिकिटाच्या पैशातले काही टक्के पॉइंट होऊन परत येतात आणि पुढच्या तिकिटाला वापरता येतात. वर्षाची फी आणि वर्षात येणारे पॉइंट शेजारी शेजारी लिहा. एमआयडीसीत ज्यांचे टेम्पो, ट्रक चालतात त्यांच्या घरी पेट्रोल कंपन्यांची पॉइंटांची कार्डं बहुधा असतातच. ती कुणाच्या खिशात आहेत आणि त्यातले पॉइंट कोण वापरतं, हे घरच्या वहिनींनी एकदा विचारून बघावं. आमच्यातल्या एकीनं विचारलं आणि घरात दोन दिवस अबोला होता, पण मग पॉइंटांवर गाडीत डिझेल पडलं.

पॉइंट म्हणजे ठेव नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पॉइंटांना काही नाही. ठेवी अडकल्या की काय होतं ते सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको. पॉइंटांवर तर व्याजही नाही, उलट ते पडून राहिले की झिजतात. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, त्यांचे मैल जमवलेल्यांनी ते कशावर वापरायचे? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला शेवटची उडाली. तिचा पॉइंटांचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीच्या नावावर होता म्हणून तो लगेच बुडाला नाही, त्याचं नाव बदलून इंटरमाइल्स झालं, पण ज्या विमानासाठी लोकांनी मैल साठवले ते विमानच राहिलं नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात आले. म्हणजे तीन कंपन्या, तीन तऱ्हा. मुलीच्या लग्नासाठी सोनं साठवावं तसे पॉइंट वर्षानुवर्षं साठवायचे नसतात. मुदतही बघा: एमिरेट्सचे मैल साधारण तीन वर्षं टिकतात आणि तुमच्या जन्माच्या महिन्याच्या अखेरीला संपतात. वाढदिवसाच्या महिन्याआधी एकदा खातं बघायचं, लक्षात ठेवायला सोपं.

आता फसवणूक. ‘आज रात्री पॉइंट संपणार’ असा निरोप आला की तो खोटाच समजा. २०२४ साली सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं आणि स्टेट बँकेनंही लोकांना सावध केलं होतं की बँक रिवॉर्ड पॉइंटांसाठी एसएमएसवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक किंवा अ‍ॅपची फाइल पाठवत नाही. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरं असतात. ती फोनमध्ये बसली की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपीसुद्धा, समोरच्याला दिसू लागतात. ओटीपी कुणाला सांगितला नाही तरी पैसे जातात ते असे. काकू शपथेवर सांगत होत्या की आपण कुणाला काही सांगितलं नाही, आणि त्या खरं बोलत होत्या.

बोट पडलंच तर काय करायचं? आधी फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० या नंबरवर फोन लावा, तो सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय नंबर आहे. बँकेला कळवून कार्ड आणि खातं बंद करायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही अशा वेळी तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही बोजा पडत नाही. आपल्या हलगर्जीपणामुळे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेनं एक रात्र गप्प बसू नका. काकू बसल्या होत्या. घरात काय म्हणतील, या भीतीनं त्यांनी सकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आणि चोवीसपैकी शेवटचे सहा हजार पहाटे गेले. १९३० वर कळवल्यावर नऊ हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले आणि चार महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेलेच.

एका श्रोत्या ताईंनी चिठ्ठी पाठवून विचारलं आहे: मिस्टर वारले, त्यांच्या क्रेडिट कार्डावर पॉइंट होते, माझं त्यावर जोडकार्ड होतं, ते पॉइंट माझे होतील का? ताई, जोडकार्डावर तुम्ही केलेल्या खरेदीचे पॉइंटही मूळ कार्डधारकाच्याच खात्यात जमा होतात. आणि कार्ड बंद झालं की पॉइंटही संपतात, असा बहुतेक ठिकाणचा नियम. कार्ड तर कळवून बंद करावंच लागेल, ते चालू ठेवून वापरू नका. पण बंद करण्याच्या अर्जातच, मृत्यूचा दाखला जोडून, शिल्लक पॉइंट थकलेल्या बिलात वळते करावेत अशी लेखी विनंती करा आणि पोच घ्या. मिळतीलच असं नाही. विमान कंपनीच्या मैलांचं प्रत्येकीचं वेगळं असतं, तिथेही लेखीच विचारा. आणि बाकीच्या मैत्रिणींनो, ज्या खर्चाचे पॉइंट मिळतात तो खर्च तुम्ही करत असाल तर कार्ड तुमच्या स्वतःच्या नावाचं असलेलं बरं.

काकूंच्या त्या ३,११२ पॉइंटांचं काय झालं, असं बऱ्याच जणींनी विचारलं. बँकेतच बसून, बँकेच्या खऱ्या साइटवर, काकूंनी स्वतःच्या हातानं सगळं भरलं आणि ७४९ रुपयांचा मोबाइल रिचार्ज मारला. त्यात २,९९६ पॉइंट गेले. उरलेले ११६, म्हणजे एकोणतीस रुपये, अजून त्यांच्या खात्यावर आहेत आणि मुदत कधी संपते ते त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.